गिटार किती लांब उभी करायची : रॉक ध्वनिमुद्रणातील रिव्हर्ब

माझ्याकडे मिक्सिंगसाठी येणारी बहुतेक रॉक गाणी ग्वाल्हेरच्या लष्कर, मुरार किंवा ठाटीपूर भागातील घरांमध्ये, दहा बाय बाराच्या खोलीत ध्वनिमुद्रित झालेली असतात. वाजवणारी मुले तयारीची असतात, गिटारी चांगल्या असतात, आणि तरीही गाणे सुरू होताच एक गोष्ट खटकते. गायक कानाशी उभा आहे, ड्रम एखाद्या मोठ्या सभागृहात वाजत आहेत, आणि गिटार नेमकी कुठे आहे हे मात्र कळत नाही. तिच्यावर रिव्हर्ब, म्हणजे जागेतला घुमारा, भरपूर असतो. तो कोणत्या जागेचा आहे याचा विचार मात्र झालेला नसतो. प्लगइन (संगणकावर आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-सॉफ्टवेअर) उघडले, यादीतील 'लार्ज हॉल' निवडला, मिक्सचा नॉब तीस टक्क्यांपर्यंत फिरवला आणि गिटार 'मोठी' वाटली म्हणून तिथेच थांबले, असे साधारणपणे घडलेले असते.

माझे सांगणे असे आहे की इलेक्ट्रिक गिटारवरचा रिव्हर्ब हा आधी अंतराचा प्रश्न म्हणून सोडवावा. वादक ऐकणाऱ्यापासून किती पावलांवर उभा आहे आणि त्याच्या भोवतालच्या भिंती किती दूर आहेत, ही दोन उत्तरे प्लगइन उघडण्यापूर्वी कागदावर लिहून ठेवली, तर पुढचे बरेचसे आकडे त्यांतूनच निघतात. हे कसे करायचे ते ध्वनिमुद्रणापासून मिक्सपर्यंत क्रमाने पाहू.

अंतर कानाला कसे कळते

बंद जागेत वाजलेला सूर कानापर्यंत तीन टप्प्यांत येतो. प्रथम थेट आवाज येतो. त्यामागून काही मिलिसेकंदांत जवळच्या भिंती, छत आणि फरशी यांवरून परतलेले सुटे प्रतिध्वनी येतात. आणि मग असंख्य परावर्तने एकमेकांत मिसळून त्यांचा एकसंध घुमारा तयार होतो, जो हळूहळू विरत जातो. वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात या विरण्याचाच अभ्यास केला. आज प्रत्येक प्लगइनवर दिसणारा 'डिके' हा आकडा त्याच अभ्यासाच्या वाटेने आलेला आहे : घुमारा ६० डेसिबलने खाली येण्यास लागणारा वेळ.

वीस अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर, ढोबळमानाने एक फूट. (मे महिन्यातील आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत हा वेग ३६० मीटरच्या जवळ पोहोचतो, परंतु मिक्समध्ये त्याने काही बिघडत नाही.) आता सहा मीटर रुंदीच्या खोलीत मधोमध गिटारवादक आहे आणि ऐकणाराही त्याच रेषेत दोन मीटरवर बसला आहे असे समजा. बाजूच्या भिंतीवरून परतलेला सूर सुमारे ६.३ मीटर चालून येतो, म्हणजे थेट सुरापेक्षा सुमारे १२ ते १३ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. तोच ऐकणारा दहा मीटरवर गेला, तर परतलेल्या सुराची वाट सुमारे ११.७ मीटर होते आणि उशीर पाच मिलिसेकंदांपेक्षाही कमी उरतो. वादक जितका दूर, तितका थेट आवाज आणि भिंतींचा आवाज जवळजवळ एकदम येतो.

या एका हिशेबात प्री-डिलेचा सगळा अर्थ आहे. थेट सूर आणि घुमारा यांच्यामध्ये ठेवलेली रिकामी जागा, म्हणजेच प्री-डिले, वाढवला की वादक पुढे येतो आणि खोली मोठी वाटते. तो शून्याकडे नेला की वादक मागे सरकतो. म्हणून 'गिटार जवळ हवी, पण जागा मोठी हवी' असे वाटत असेल तेव्हा लांब घुमारा आणि तीस ते साठ मिलिसेकंदांचा प्री-डिले एकत्र वापरावा, आणि गिटार मागे ढकलायची असेल तेव्हा प्री-डिले दहाच्या आत ठेवावा. अंतराच्या आणखी दोन खुणा आहेत. थेट आवाज आणि घुमारा यांचे परस्पर प्रमाण ही सर्वांत बळकट खूण, आणि उंच कंपनांची झीज ही दुसरी, कारण हवा आणि भिंती दोन्ही तीक्ष्ण भाग आधी गिळतात. दूरची गिटार केवळ अधिक ओली, म्हणजे जास्त घुमाऱ्याची, नसते, ती किंचित मंद आणि गडदही असते.

हे कानाने शिकण्यासाठी ग्वाल्हेरसारखे गाव नाही. किल्ल्यावर मानमंदिराच्या तळघरातील खांबांनी वेढलेल्या गोल दालनात एक टाळी वाजवावी, मग वर मोकळ्या चौकात येऊन तीच टाळी वाजवावी, आणि घरी परतल्यावर रजया-गाद्यांनी भरलेल्या खोलीत तिसरी. सोबत्याला दहा पावले दूर उभे करून त्याला बोलायला सांगावे आणि डोळे मिटून ऐकावे. ज्याने दगडाचा, उघड्या आभाळाचा आणि कापसाचा आवाज असा वेगवेगळा ओळखला, त्याला प्लगइनच्या यादीतील नावांवर विसंबावे लागत नाही.

स्प्रिंग, प्लेट आणि बाकीचे

गिटारवादकांच्या कानात सर्वांत आधी मुरलेला रिव्हर्ब म्हणजे स्प्रिंग. लॉरेन्स हॅमंड यांच्या ऑर्गनसाठी विकसित झालेली ही युक्ती पुढे गिटारकडे आली. फेंडरने १९६१ साली स्वतंत्र रिव्हर्ब युनिट आणले आणि १९६३ च्या व्हायब्रोव्हर्बमध्ये तो ॲम्पच्या (गिटारच्या ॲम्प्लिफायरच्या) पोटातच बसवला. तारेच्या गुंडाळीतून वेगवेगळी कंपने वेगवेगळ्या वेगाने धावतात, त्यामुळे पिकचा कडक आघात पडला की थेंब टपकल्यासारखा एक 'टिप्' असा आवाज येतो. हा आवाज कोणत्याही खोलीत ऐकू येत नाही. तो गिटारच्या स्वरातच मिसळलेला गुण आहे. म्हणून स्प्रिंगकडे मी अंतर ठरवण्याचे साधन म्हणून पाहत नाही. तो ॲम्पचा भाग समजावा, आणि त्याच्यानंतरही जागेचा रिव्हर्ब वेगळा द्यावा लागेल हे लक्षात ठेवावे.

प्लेटची गोष्ट निराळी आणि, माझ्या मते, रॉक मिक्ससाठी सर्वांत उपयोगाची आहे. जर्मनीतील ईएमटी कंपनीने १९५७ साली आणलेल्या ईएमटी १४० मध्ये सुमारे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौकटीत ताणून टांगलेला असतो; मध्याजवळून त्याला आवाजाने कंप दिला जातो आणि पत्र्यावरचे पिकअप तो कंप टिपतात. पत्र्यात भिंती नसल्यामुळे सुटे प्रारंभिक प्रतिध्वनी जवळजवळ नसतात आणि घुमारा लगेच दाट होतो. याचा व्यावहारिक परिणाम असा की प्लेट स्वराला भरदारपणा देते, परंतु 'वादक अमुक खोलीत, अमुक अंतरावर आहे' असे काही सांगत नाही. सोलो गिटारला लांबी हवी आणि ती मागेही जाऊ नये, तेव्हा प्लेट हाच पहिला पर्याय ठेवावा.

रूम, चेंबर (आवाज घुमवण्यासाठी वापरलेली रिकामी खोली) आणि हॉल यांमध्ये प्रारंभिक परावर्तनांचे चित्र असते, म्हणून अंतर सांगायचे काम त्यांचे. रिदम गिटारला रूम, मोकळ्या संथ भागांना चेंबर. आणि हॉल फार क्वचित, तेही वाद्ये कमी असताना. डिजिटल रिव्हर्ब १९७६ च्या ईएमटी २५० आणि १९७८ च्या लेक्सिकन २२४ पासून स्टुडिओत रुळले, आणि आजची बहुतेक प्लगइने या जुन्या यंत्रांचीच वंशज आहेत. कोणते प्लगइन घ्यावे यावर वेळ घालवू नये. रीपर, लॉजिक किंवा क्यूबेस या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरांसोबत मिळणारी साधने या लेखातील प्रत्येक गोष्टीला पुरतात.

ध्वनिमुद्रण करताना

पहिला नियम : वादकाने ओले ऐकावे, ट्रॅक मात्र कोरडा घ्यावा. रिव्हर्बशिवाय हेडफोनमध्ये ऐकू येणारी गिटार वादकाला रुक्ष आणि परकी वाटते, मग तो अधिक जोर लावतो, सूर लवकर सोडतो आणि पुष्कळदा लयही धावते. त्याला हेडफोनमध्ये सुखावह प्लेट जरूर द्यावी. ती केवळ ऐकण्याच्या वाटेवर असावी, मुद्रणाच्या वाटेवर नसावी. मी सुरुवातीच्या काळात एका बँडच्या चार गाण्यांची गिटार पेडलच्या (पायाने चालवायच्या इफेक्टच्या) रिव्हर्बसकट मुद्रित केली होती. तीन आठवड्यांनी गायकाने संथ, कुजबुजता आवाज दिला आणि गाण्याचे सारे चित्रच जवळचे झाले. गिटार मात्र दूरच्या सभागृहात अडकून पडली होती आणि तिला परत आणण्याचा कोणताही मार्ग नव्हता. चारही गाणी पुन्हा वाजवावी लागली. वादकाचा हात त्या दिवशी जसा चालला होता तसा दुसऱ्यांदा चालला नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

दुसरा नियम पहिल्याला अपवाद करणारा आहे. वादक रिव्हर्बलाच वाद्यासारखे वाजवत असेल, म्हणजे स्प्रिंगच्या टपकण्यावर आघात मोजत असेल, किंवा घुमाऱ्याच्या लाटेवर पुढचा सूर टाकत असेल, तर तो रिव्हर्ब वादनाचा भाग आहे आणि तो मुद्रित झालाच पाहिजे. अशा वेळी डीआय बॉक्समधून (गिटार ॲम्पशिवाय थेट मुद्रणाला जोडणाऱ्या पेटीतून) गिटारचा शुद्ध सिग्नल दुसऱ्या ट्रॅकवर एकाच वेळी घ्यावा. पुढे गरज पडली तर तोच सिग्नल ॲम्पमधून पुन्हा वाजवून नव्याने मुद्रित करता येतो.

पेडलचा क्रम हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर डिस्टॉर्शनच्या, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या प्रक्रियेच्या, स्वभावात आहे. डिस्टॉर्शन मोठा आवाज दाबते आणि लहान आवाज वर उचलते. रिव्हर्ब तिच्या आधी ठेवला, तर विरत जाणारा मंद घुमाराही उचलला जाऊन थेट सुराच्या बरोबरीला येतो, आणि स्वरसमूहांचा लगदा होतो. काही शैलींत हाच धूसरपणा हवा असतो आणि तेव्हा तो जाणीवपूर्वक वापरावा. एरवी रिव्हर्ब डिस्टॉर्शनच्या नंतर, आणि डिस्टॉर्शन ॲम्पच्या प्रीॲम्पमधून येत असेल तर ॲम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये (प्रीॲम्पनंतर पेडल जोडण्याच्या जागी) जोडावा. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे साधन) मात्र रिव्हर्बच्या आधीच असावा, कारण नंतर ठेवलेला गेट प्रत्येक सुराची शेपटी कापून टाकतो.

येथे आपल्याकडच्या उन्हाळ्याचा एक व्यावहारिक मुद्दा येतो. कूलर चालू ठेवून मुद्रण केले की त्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरते, आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू झाला की सिंगल-कॉइल पिकअपमध्ये गुणगुण वाढते. कोरड्या ट्रॅकवर हा गोंगाट गिटारच्या आड लपतो. रिव्हर्ब त्याला पसरवून सुरांच्या मधल्या मोकळ्या जागांत आणून बसवतो. म्हणून पंखा आणि कूलर बंद करून टेक घ्यावेत, आणि रिव्हर्बकडे सिग्नल पाठवण्यापूर्वी दोन सुरांमधला गोंगाट हाताने कापावा.

लहान खोलीत मायक्रोफोन कॅबच्या (ॲम्पच्या स्पीकरपेटीच्या) अगदी जवळ ठेवावा. एसएम ५७ सारखा मायक्रोफोन जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, शंकूच्या मध्यापासून थोडा बाहेर, हे जुने स्थान अजूनही विश्वासाचे आहे. दहा बाय बाराच्या खोलीत दूरचा 'रूम माइक' लावण्याचा मोह टाळावा, कारण भिंती इतक्या जवळ असतात की त्यांची परावर्तने थेट सुरात मिसळून काही कंपने खातात आणि आवाज खोक्यातून आल्यासारखा होतो. अशी छोटी खोली एकदा ट्रॅकवर उमटली की तिच्यावर कितीही मोठा हॉल घातला तरी खोक्याला हॉलमध्ये ठेवल्यासारखेच ऐकू येते. कॅबच्या मागे आणि मायक्रोफोनच्या पाठीशी दोन जाड रजया टांगाव्यात.

वाड्याचा जिना

ज्यांच्या नात्यागोत्यात जुना वाडा आहे, त्यांच्याकडे एक उत्तम चेंबर फुकट आहे. शिकागोमध्ये बिल पुटनम यांनी १९४७ साली स्टुडिओच्या प्रसाधनगृहाचा प्रतिध्वनी-कक्ष म्हणून उपयोग केला. तत्त्व तेच आहे. लष्करातील आमच्या काकांच्या वाड्यात दगडी पायऱ्यांचा तीन मजली बंदिस्त जिना आहे, आणि मी अनेक गाण्यांच्या गिटारी त्या जिन्यातून घुमवून आणल्या आहेत. काकूंची अट एकच होती : "दहा वाजायच्या आत आवरा रे, खाली अण्णांना झोप लागत नाही." त्यामुळे पूर्वतयारी घरी करून जाण्याची सवय लागली, आणि ती चांगलीच ठरली.

कृती अशी आहे. मिक्समध्ये ज्या गिटारला जागा हवी आहे तिचा कोरडा ट्रॅक ऑडिओ इंटरफेसच्या (मायक्रोफोन आणि स्पीकर संगणकाला जोडणाऱ्या यंत्राच्या) वेगळ्या आउटपुटमधून एका पॉवर्ड स्पीकरकडे न्यावा. स्पीकर तळमजल्यावर, तोंड भिंतीकडे करून ठेवावा. मायक्रोफोनकडे तोंड केले तर थेट आवाजच जास्त येतो आणि आपल्याला तो नको असतो. मायक्रोफोन दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, शक्यतो सर्व दिशांनी ऐकणारा कंडेन्सर घ्यावा. स्पीकरकडे जाणाऱ्या सिग्नलमधून २०० हर्ट्झखालचा भाग काढून टाकावा, नाहीतर जिना गुरगुरतो. आवाज बोलण्यापेक्षा थोडा मोठा असला तरी पुरतो. फार मोठा केला तर दारांच्या कड्या आणि खिडक्यांच्या काचा वाजू लागतात. गाणे पूर्ण एकदा वाजवून घुमारा मुद्रित करावा, मग मायक्रोफोन दोन-तीन पायऱ्या सरकवून दुसऱ्या कोपऱ्याकडे न्यावा आणि तेच गाणे पुन्हा एकदा घ्यावे. पहिला टेक डावीकडे व दुसरा उजवीकडे ठेवला की एकाच मायक्रोफोनने खरा स्टीरिओ चेंबर मिळतो.

गाणे सुरू होण्याआधी ट्रॅकवर एक 'टक्' असा आवाज ठेवावा. स्पीकरला मायक्रोफोन टेकवून तो एकदा मुद्रित केला की इंटरफेसचा स्वतःचा उशीर किती आहे हे दिसते, आणि मुद्रित घुमारा फक्त तेवढाच सुरुवातीकडे सरकवावा. जिन्यातील अंतरामुळे आलेला उशीर राहू द्यावा : आठ मीटरचे सुमारे २३ मिलिसेकंद होतात, आणि तोच या जागेचा नैसर्गिक प्री-डिले आहे.

दर वेळी वाड्यात जाणे शक्य नसेल तर जिन्यात एक फुगा फोडून तो आवाज मुद्रित करावा, सुरुवातीची शांतता कापावी आणि ती फाइल कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये (मुद्रित जागेचा घुमारा कोणत्याही आवाजाला देणाऱ्या प्लगइनमध्ये) भरावी. रीपरमधील 'रियाव्हर्ब' (ReaVerb) किंवा लॉजिकमधील स्पेस डिझायनर हे काम करतात. फुग्याच्या आवाजात खालची कंपने पुरेशी नसतात, तरीही गिटारसाठी ते चालते, कारण घुमाऱ्यातील खालचा भाग आपण काढणारच असतो. मला स्वतःला प्रत्यक्ष जिना अधिक आवडतो; त्यात दोन टेक कधीच अगदी सारखे येत नाहीत आणि कानाला ते कळते.

मिक्समध्ये

रिव्हर्ब गिटारच्या ट्रॅकवर थेट बसवू नये. स्वतंत्र ऑक्स (सहायक) ट्रॅक करावा, त्यावर रिव्हर्ब शंभर टक्के ओला ठेवावा आणि गिटारमधून सेंडने, म्हणजे सिग्नलची प्रत पाठवणाऱ्या नॉबने, सिग्नल पाठवावा. असे केल्याने घुमाऱ्यावर वेगळी प्रक्रिया करता येते, आणि तीच खरी महत्त्वाची गोष्ट आहे.

पहिली प्रक्रिया फिल्टरची. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत रिव्हर्बकडे जाणाऱ्या सिग्नलमधून ६०० हर्ट्झखालचा आणि १० किलोहर्ट्झवरचा भाग काढण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. खालचा भाग काढण्यामागचे कारण उघड आहे : बेस आणि किक ड्रमच्या जागेत गिटारचा घुमारा साचला की सगळा मिक्स चिखल होतो. वरच्या भागाबाबत गिटारसाठी मी अधिक कठोर होतो आणि पाच-सहा किलोहर्ट्झवरच कापतो. बारा इंची गिटार स्पीकर पाच किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने कमी होतो, त्यामुळे स्वतः गिटारमध्ये नसलेली चकाकी घुमाऱ्यात असण्याचे कारण नाही. असते ती केवळ डिस्टॉर्शनची खरखर, आणि ती झांजांच्या आवाजाशी भांडते.

आता डिकेच्या आकड्याकडे. तो ६० डेसिबलच्या घसरणीचा आहे, परंतु भरलेल्या रॉक मिक्समध्ये घुमाऱ्याचे पहिले वीस-एक डेसिबलच ऐकू येतात, बाकीचे इतर वाद्यांखाली झाकले जातात. म्हणजे दीड सेकंदाचा डिके प्रत्यक्षात सुमारे अर्ध्या सेकंदाचा वाटतो. गाणे १४० बीपीएमचे (मिनिटाला १४० मात्रांचे) असेल तर एक मात्रा ६०,००० भागिले १४०, म्हणजे सुमारे ४२९ मिलिसेकंदांची, आणि स्नेअरच्या दोन आघातांमधले अंतर ८५७ मिलिसेकंदांचे. रिदम गिटारचा ऐकू येणारा घुमारा एका मात्रेच्या आत संपला पाहिजे, आणि सोलोचा एका स्नेअरपासून दुसऱ्यापर्यंत पोहोचला तरी चालतो. या हिशेबाने सुरुवात करावी आणि शेवटी आकडा बंद करून कानाने ठरवावे.

जड डिस्टॉर्शनच्या रिदम गिटारला रिव्हर्ब फारच थोडा लागतो. डिस्टॉर्शनमुळे सूर आधीच लांबलेला आणि दबलेला असतो, दोन सुरांमध्ये मोकळी जागा नसते, मग घुमाऱ्याला दिसायला जागाच कुठे? तिथे ०.४ ते ०.८ सेकंदांची रूम पुरते. डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन वेगळे टेक असतील, तर प्रत्येकाला त्याच्याच बाजूला मोनो रूम द्यावी. दोन्ही एकाच स्टीरिओ रिव्हर्बमध्ये टाकले की दोन्ही बाजूंचे वेगळेपण मध्यभागी वितळून जाते आणि जी रुंदी मिळवण्यासाठी दोनदा वाजवले ती हातची जाते.

बँडमध्ये एकच गिटार असेल तर गोष्ट उलटी. व्हॅन हेलन बँडच्या १९७८ सालच्या पहिल्या अल्बममध्ये गिटार मोठ्या प्रमाणावर डावीकडे आणि तिचा चेंबर उजवीकडे ठेवलेला ऐकू येतो. एका गिटारने दोन्ही बाजू भरतात, पण वादक कुठे उभा आहे याबद्दल शंका राहत नाही. हा प्रयोग करताना उजवीकडच्या घुमाऱ्याला वीस-तीस मिलिसेकंदांचा प्री-डिले द्यावा. मोनोमध्ये ऐकून खात्री जरूर करावी, कारण मोबाइलच्या स्पीकरवर डावे-उजवे एकत्र येते आणि घुमारा थेट सुरावर चढतो.

सोलोसाठी प्लेट, सुमारे दोन सेकंद, चाळीसच्या आसपास प्री-डिले, आणि तिच्यावर साइडचेनने, म्हणजे दुसऱ्या ट्रॅकच्या इशाऱ्यावर, चालणारा कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारे साधन). कंप्रेसरला कोरडी गिटार ऐकवावी, म्हणजे वादक वाजवत असताना घुमारा तीन-चार डेसिबल खाली बसतो आणि वाक्य संपताच वर येतो; रिलीज (दाब सुटण्यास लागणारा वेळ) दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास ठेवून गाण्याच्या लयीप्रमाणे बदलावा. जलद ताना स्पष्ट राहतात आणि शेवटचा ताणलेला सूर मोकळ्या जागेत फुलतो. कंप्रेसर नको असेल तर सेंडचे ऑटोमेशन हाताने करावे, वेळ लागतो पण परिणाम अधिक चांगला मिळतो, कारण कोणते वाक्य मोठ्या जागेत संपावे हे संगीत समजणाऱ्यालाच कळते.

क्लीन (डिस्टॉर्शन नसलेल्या) गिटारच्या आर्पेजिओला, म्हणजे स्वरसमूहाचे सूर एकामागून एक वाजवण्याला, मात्र उदार राहावे. तिथे सुरांमध्ये अवकाश असतो, आघात मृदू असतो, आणि घुमाऱ्याचे पूर्ण सौंदर्य ऐकू येते. जिन्याचा चेंबर मी प्रामुख्याने इथेच वापरतो. स्वर बदलताना मागच्या स्वरसमूहाची छाया पुढच्यावर पडून बेसूर वाटत असेल, तर आवाज कमी करण्याऐवजी डिके कमी करावा.

किती पाठवावा याची कसोटी आपल्या गावाला फार जुनी माहीत आहे. ख्यालाच्या मैफलीत तानपुऱ्याकडे कोणी लक्ष देऊन ऐकत नाही, पण तो क्षणभर थांबला तर सगळ्यांच्या माना वर होतात. रिदम गिटारचा रिव्हर्ब तसा असावा. सेंड ऐकू येईपर्यंत वाढवावा, मग दोन-तीन डेसिबल कमी करावा, गाणे पाच मिनिटे तसेच चालू द्यावे आणि मग अचानक ऑक्स बंद करावा. उणीव जाणवली तर प्रमाण बरोबर आहे. काहीच जाणवले नाही तर तो रिव्हर्ब काढून टाकावा, कारण न ऐकू येणारी गोष्टही जागा व्यापते. रिव्हर्ब चालू असतानाच तो स्वतंत्रपणे कानात भरत असेल तर आणखी कमी करावा.

अखेरची तपासणी लिमिटर (आवाजाची टोके एका मर्यादेवर अडवणारे साधन) लावून करावी. मास्टरिंगमध्ये (मिक्सवरच्या शेवटच्या प्रक्रियेत) आवाज वाढवला जातो तेव्हा थेट सुरांची टोके दाबली जातात आणि त्यांच्यामधला घुमारा वर येतो. कोरडा वाटणारा मिक्स तिथे अचानक ओला होतो. मास्टर ट्रॅकवर तात्पुरता लिमिटर ठेवून पाच-सहा डेसिबल वाढवावे, हेडफोन आणि स्पीकर दोन्हींवर ऐकावे, आणि गरजेप्रमाणे गिटारच्या ऑक्सचा फेडर एक-दोन डेसिबल उतरवून लिमिटर काढून टाकावा. फाइल बाहेर काढताना शेवटच्या सुरानंतर चार-पाच सेकंद जास्त घ्यावेत आणि तो घुमारा पूर्ण विरल्याशिवाय फेड लावू नये.